पेटी चावत होती

वसंता, सगळे तुझ्या तोंडाकडं बघत होते तेव्हा मी तुझी बोटं बघत होतो.

बायका रडत होत्या, इस्माईल भिंतीला टेकून उभा होता, वहिनींना कुणीतरी पाणी पाजत होतं, आणि मी तुझ्या उजव्या हाताशी बसून एकेक बोट उलटंसुलटं करत होतो. लोकांना वाटलं, दोस्ताचा हात सुटेना. देशपांडे सरांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी काय शोधत होतो ते त्यांना कळलं असतं तर तो हात तिथं राहिला नसता. तुझ्या अंगठ्याच्या पेरावर एक काळा ठिपका होता. पण लेका, तुझ्या बोटांवर डाग नाही असा एक दिवस मला आठवत नाही. सोल्डरिंग करताना रोज एक नवा चटका. त्यातला हा कुठला, कुणी सांगावं? डॉक्टर म्हणाले, हार्ट. तुझे वडीलही असेच गेलेले, पन्नाशीच्या आत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

तेव्हापासून मला भीती वाटते. दुःख झालंय म्हणून लोक मला समजावायला येतात आणि मी मान खाली घालून ऐकून घेतो. दुःख आहेच. पण दुःखाला रडता येतं, वसंता. हे दुसरं जे आहे, त्यानं तोंडाला कोरड पडते. जेवायला बसलं की घास फिरतो. घरात बटण दाबताना हात मागं येतो, आणि नोकरी कुठली, तर वीज खात्यात मीटर तपासायची.

आपण चौघं कसे एकत्र आलो ते आता नीट आठवत पण नाही. इस्माईलचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, त्यावरचा माळा, आणि रविवारची सकाळ. सर हायस्कुलात गणित शिकवणारे, तू फाउंड्रीत ओतकामाचे लाकडी पॅटर्न बनवणारा, मी हा असा. चौघांच्या डोक्यात एकच किडा. कोल्हापुरात कॉम्प्युटर म्हटलं की लोक विचारायचे, ते बँकेत आणून माणसांना घरी बसवणार तेच काय? आणि आपण ते घरी बसून जोडत होतो. मुंबईहून टपालानं चिपा यायच्या, सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीत गुंडाळून. पोस्टमन मला एकदा हळूच म्हणाला होता, साहेब, हे काय सोन्याचं काम हाय व्हय?

हजेरीचा नियम तुझा. नवा माणूस माळ्यावर आला की सगळ्यांनी एकेक करून उभं राहायचं. नाव, वय, पोटाला काय करतो, आजवर काय काय जोडलं, आणि शेवटी काय काय जाळलं. जुन्यांनीही सांगायचं, दर खेपेला, पहिल्यापासून. जाळलेलं सांगितल्याशिवाय चहा नाही. बिद्रीच्या साखर कारखान्यातला तो केमिस्ट आलता, आठवतंय? काय काय जोडलं ते पाव तास सांगितलं, आणि जाळलं काय म्हटल्यावर, तसं विशेष काही नाही, म्हणाला. तू त्याच्या पुढ्यातला कप उचलून आपल्या बाजूला घेतलास.

"पावणं, न जाळता कुणी जोडत न्हाई. तुमी लपवलेलं उद्या आमी जाळणार. सांगा, मग घ्या चहा."

बिचारा लाल झाला. मग निघालं की मेमरीच्या चिपा उलट्या बसवून घालवल्या होत्या, वर मेव्हण्याचा टीव्ही पण. इस्माईल हसून हसून जिन्यावर बसला. केमिस्ट पुढं दर महिन्याला यायला लागला, आणि मेव्हण्याचा टीव्ही दर खेपेला थोडा मोठा होत गेला.

तुझी हजेरी मला पाठ आहे. वय शेहेचाळीस. फाउंड्रीत पॅटर्नमेकर. पासष्टच्या लढाईच्या बातम्या ऐकायला मिळेनात म्हणून पहिला ट्रान्झिस्टर जोडला. मग गणपतीसाठी अॅम्प्लिफायर, मग टीव्ही, मग ही कॉम्प्युटरची पेटी. जाळलं: दोन ट्रान्सफॉर्मर, एक प्रोसेसर, आणि लग्नातली टेरिकॉटची पँट. वहिनींनी त्या पँटीचं कधी माफ केलं नाही.

तुझी पेटी आमच्या सगळ्यांत देखणी. कीबोर्डची बटणं तू शिसवीची कोरली होतीस, एकेक अक्षर पटाशीनं खोदून. आणि पहिली पेटी सागवानी होती. ती मी बदलायला लावली. लाकूड बाहेरची गडबड अडवत नाही, पत्र्याची कर, असं मीच मागं लागलो. ते शास्त्राला धरून होतं, त्यात खोटं काही नव्हतं. पण लाकडाच्या पेटीनं कुणाला काही झालं नसतं, हे मी रोज स्वतःला ऐकवतो.

मग ती घुंई सुरू झाली, एकसुरी घुमणारा आवाज. पेटीला जोडलेल्या टीव्हीच्या पडद्यावर आडवा पट्टा वर वर सरकायचा, आणि टेपरेकॉर्डरवर प्रोग्रॅम साठवावा तर कॅसेटमध्ये त्याच्या शिट्टीबरोबर घुंई पण भरली जायची. परत चढवायला गेलं की प्रोग्रॅम अर्ध्यात मरायचा. महिनाभर तू एकेक तार हुडकलीस. मग एक दिवस म्हणालास, शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली की घुंई वाढते. घुंई पेटीत नाही, जमिनीतनं येते. घराचं अर्थिंग खराब आहे.

त्या घराचं अर्थिंग कुणी केलं होतं? मी. तू घर बांधलंस तेव्हा सुट्टी काढून, फुकट, दोस्ताचं घर म्हणून. मला ते असं झोंबलं की बस. मी खात्यातला माणूस, आणि पॅटर्नवाला मला अर्थिंग शिकवणार? माळ्यावर सगळ्यांसमोर तुझ्यामाझ्यात जुंपली. मी म्हटलं, तुझ्या पेटीतला कपॅसिटर किरकोळ आहे, मोठा घाल, घुंई बंद. तू म्हणालास, हत्तीएवढा घातलास तरी जाणार न्हाई. सर मध्ये पडले तर तू त्यांनाही ऐकेनास. शेवटी पैज लागली. हरेल त्यानं मिशी काढायची.

कपॅसिटर बसवला त्या दिवशी तू फाउंड्रीतनं यायचा होतास. वहिनी परसात होत्या. मी पेटी चालू केली आणि घुंई जशीच्या तशी. मोठ्या कपॅसिटरनं तिला काही म्हणता काही झालं नव्हतं. तुझं बरोबर होतं, वसंता. ते मला त्याच वेळी कळलं, तू घरात शिरायच्या आधी. माझं अर्थिंग सडलं होतं. नवा खड्डा काढायचा, मीठ-कोळसा घालायचा, पाइप पुरायचा, एका दिवसाचं काम. खड्ड्यापेक्षा ते कबूल करणं मला जड गेलं. मी प्लग उघडला आणि आतली हिरवी वायर कापली. जाड पिनला जाणारी, फुटलेली वीज माणसाऐवजी जमिनीत नेणारी वायर. खराब जमिनीशी नातंच तुटलं, घुंई गपकन थांबली. प्लगचा स्क्रू परत आवळला. उभा जन्म लोकांच्या घरी जाऊन, तीन पिनांचा प्लग वापरा, अर्थ तोडू नका, म्हणून ओरडण्यात गेला, आणि तुझ्या घरी ते मी हातानं केलं.

तू आलास, पडदा बघितलास, कॅसेट तीनदा चढवलीस. तिन्ही वेळा प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात चढला. तू माझ्याकडं बघून हसलास. हरलेला माणूस एवढा खूश होतो हे मी त्या दिवशी बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मिशी काढून माळ्यावर हजर. आणि वहिनींनी काय तोंडसुख घेतलं होतं ते तूच हसत हसत सांगितलंस. बाप जाऊन पंचवीस वर्षं झाली, आता कुणासाठी मिशी काढलासा, असं काय करायचं असतंय व्हय. आपण चौघं हसलो. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्यानं.

मी तुला सांगणार होतो. पुढच्या रविवारी, मग त्याच्या पुढच्या. मिशी थोडी वाढू दे, मग चेष्टेवारी सांगू, असं ठरवलं होतं. देवाशप्पथ ठरवलं होतं. इस्माईलनं आणि सरांनी पण माझं ऐकून मोठे कपॅसिटर मागवले, तरी मी गप्प.

शेवटच्या रविवारी तू जिना उतरताना म्हणालास, "दिन्या, पेटी चावती रं अलीकडं. हात लावला की मुंग्या येत्यात."

तेव्हा तरी बोलायचं की नाही मी? माझ्या तोंडातनं निघालं, पावसाळी हवा आहे, दमट, तेवढं चालायचंच. रबरी चप्पल घालून बसत जा. रविवारी येऊन बघतो. तू बरं म्हणालास. माझ्यावर तुझा केवढा विश्वास. विजेचा माणूस सांगतोय म्हटल्यावर तू दुसऱ्यांदा विचारलं नाहीस.

गुरुवारी तू गेलास. दुपारची पाळी लवकर सुटली, पावसात भिजून आलास, पाय धुतलेस आणि तसाच ओल्या पायांनी पेटीपुढं बसलास, असं वहिनी येईल त्याला सांगत होत्या. चहा घेऊन आल्या तर तू मान टाकलेली. ओल्या पायांनी. ते दोन शब्द मी इतक्यांदा ऐकले की आता पाय धुताना माझ्याच पायांकडं बघत बसतो. तू चप्पल घातली नव्हतीस. घातली असतीस तर काय झालं असतं, मला माहीत नाही. काहीच झालं नसेल कदाचित. हार्टच असेल. मला माहीत नाही, वसंता, आणि आता ते कळायची सोय उरली नाही.

तेराव्याला तुझ्या घरी पंगत बसली होती. मी, इस्माईल, सर एका ओळीत. वहिनी वाढत होत्या. सरांनी तुझी लेक पमी कशी आहे विचारलं, तर त्या थांबल्या. म्हणाल्या, रडली न्हाई अजून पोर. कॉलेजातनं आली की पप्पांच्या पेटीपुढं बसते, चालू करते, आणि नुसता हात ठेवून असते.

"हाताला मुंग्या येत्यात म्हणती. पप्पा हायत म्हणती त्यात. मी काय बोलू तिला, भावजी?"

माझ्या हातात पुरीचा तुकडा होता. तेवढ्यात आतल्या खोलीतनं टीव्ही लागल्याचा आवाज आला आणि मी ताटावरनं उठलो. तेराव्याच्या पंगतीतनं अर्ध्या ताटावरनं उठलो, खरकट्या हातानं आत धावलो. पमी पेटीपुढं बसली होती. फरशीवर, अनवाणी. तिचा हात पत्र्याकडं चालला होता आणि मी असा ओरडलो की बाहेरची पंगत गप्प झाली. प्लग ओढून काढला. पोर घाबरून माझ्याकडं बघत राहिली. सतरा वर्षांची, तुझ्यासारखेच डोळे.

लोक दारात जमले. काय झालं, काय झालं. मी म्हटलं, वायर ढिली आहे, मी बघतो. सगळ्यांना बाहेर काढलं. खिशातला टेस्टर काढला, एकदाच प्लग लावला, पेटीला टेस्टर टेकवला. दिवा लागला. मंद लागला, पण लागला. कोरड्या दिवशी मंद. त्या गुरुवारच्या पावसात कसा लागला असता ते कुणाला विचारू? मग मी काय केलं सांगतो. पक्कडीनं प्लग कापला, खिशात घातला आणि घरी घेऊन गेलो. पोरीच्या जिवाला धोका नको म्हणून, असं मी वाटेत स्वतःला सांगितलं. रंकाळ्याजवळ सायकलवरनं उतरून चालत गेलो. पुरावा खिशात होता, वसंता. मी चोरासारखा पळालो.

चार दिवस तो प्लग माझ्या कपाटात होता. बायको विचारते, जेवत का नाही? ऑफिसात साहेब विचारतात, बरं नाही का? वहिनी तुझ्यामाझ्या घराच्या वाटेवर दिसतील म्हणून मी लांबच्या रस्त्यानं जायचो. त्यांना कळलं तर काय होईल, पमी काय म्हणेल, खात्यात कळलं तर, पोलिसात गेलं तर. सगळी भीती स्वतःपुरतीच. मग शनिवारी इस्माईल आला. म्हणाला, उद्याची बैठक वसंताच्या घरी. वहिनीच म्हणाल्या तसं, आणि पमीला आपल्यात घ्यायचं आहे. पेटी आता ती चालवणार.

नवा माणूस म्हणजे हजेरी.

रविवारी सकाळी मी मिशी काढली. बायकोच्या हातातला तांब्या पडला. माझे आईवडील दोघंही हयात. मी तसाच बाहेर पडलो. तुझ्या घरी इस्माईलनं माझ्याकडं बघितलं, तोंड उघडलं, मी म्हटलं, सांगतो.

पमी पहिली उभी राहिली. नाव सांगितलं. वय सतरा. नोकरी न्हाई, बारावीला हाय. जोडलं काय न्हाई, पप्पांनी जोडलेलं हाय. जाळलं पण काय न्हाई अजून. सर म्हणाले, जाळशील, घाई नाही. मग सर उभे राहिले, मग इस्माईल. त्यांचं मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मग माझी पाळी आली. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी कपबशा मांडत होत्या.

मी नाव सांगितलं. वय त्रेचाळीस. वीज खात्यात. काय काय जोडलं ते सांगितलं. मग खिशातनं प्लग काढून सतरंजीवर ठेवला.

"वसंताच्या पेटीची अर्थची वायर मी कापली. पैजेसाठी. कपॅसिटरनं काही झालं नव्हतं. पैज तो जिंकलाता."

सगळं सांगितलं. घराचं अर्थिंग, चप्पल, जिन्यावरचं तुझं वाक्य, तुझी बोटं. काही शिल्लक ठेवलं नाही. सरांनी चष्मा काढला आणि घातलाच नाही. इस्माईल प्लगकडं बघत होता, हात न लावता. मग वहिनींनी दारातनं विचारलं, त्यानं गेले काय ते?

"मला ठाऊक न्हाई, वहिनी."

त्या आत गेल्या. स्टो बंद झाल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता उठून जावं, पण सतरंजीवरच बसून राहिलो. पमीनं प्लग उचलला, उघडला, कापलेलं टोक बोटानं चाचपून बघितलं. पप्पांना माहीत होतं काय, एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. ती उठून आत गेली. मायलेकींचं हळू आवाजातलं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. बाहेर आली तेव्हा हातात ट्रे होता. चार कप. एक माझ्यापुढं ठेवला, माझ्याकडं न बघता.

"आई म्हणती, नियम पप्पांचा हाय."

वहिनी स्वतः बाहेर आल्या नाहीत. आजही माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांनी बोलावं असं मागायला माझ्याकडं तोंड नाही. पण तो चहा मी प्यालो. सगळा प्यालो.

कप खाली ठेवला तर पमी विचारते, खड्डा कुठं काढायचा?

परसात पेरूच्या झाडाजवळ काढला. इस्माईलनं कुदळ मारली, सरांनी धोतर खोचून माती उपसली, मी पाइप पुरला. पमीनं मीठ-कोळशाचे थर दिले, मी सांगेन तसे. वहिनी खिडकीत उभ्या होत्या. तिन्हीसांज व्हायच्या आत नवा प्लग बसला. हिरवी वायर पमीनं स्वतः जोडली आणि स्क्रू तीनदा आवळला. शेजारची गिरणी चालू होती. पेटी लावली. टेस्टर टेकवला, दिवा लागला नाही. पडदा स्वच्छ, एक पट्टा नाही, आणि कॅसेट पहिल्या झटक्यात चढली. तुझं बरोबर होतं लेका, शंभर टक्के बरोबर होतं. हे तुझ्या तोंडावर म्हणायचं होतं मला.

पमीनं पंजा पुसला आणि पेटीवर ठेवला. टेस्टरनं सांगितलं असूनही मी प्लगवर हात ठेवून होतो. तिनं पंजा सरकवला, दुसरीकडं ठेवला. कडेला ठेवला. मग दुसरा हात पण ठेवला. पत्र्यावर सगळीकडं हात फिरवून बघितले.

"आता काय लागत न्हाई, काका," ती म्हणाली, आणि सतरा दिवस न रडलेली तुझी पोर पेटीवर डोकं टेकून रडायला लागली. मी बाजूला उभा होतो. तुझ्या घराचं अर्थिंग मी पहिल्यांदाच बरोबर केलं होतं, वसंता.